ग्रीसचे ऑलिव्ह तेल, खान्देशातून पाहताना

खान्देशात तेलाचा भाव लिटरवर निघत असला, तरी घरातला हिशेब अजून डब्याचाच आहे. लग्नाला किती डबे लागतील, लोणच्याच्या दिवसांत चालू डबा पुरेल का, असेच आम्ही बोलतो, आणि डबा म्हणजे १५ किलोचा चौकोनी पत्र्याचा, हे वेगळे सांगावे लागत नाही. ग्रीसविषयी वाचताना मला पहिल्यांदा थबकायला लावले ते तिथल्या अशाच डब्याने. ग्रीक कुटुंबांतही तेल चौकोनी पत्र्याच्या डब्यात येते. त्याला ते ‘तेनेकेस’ म्हणतात आणि त्यात साधारण १६-१७ लिटर तेल मावते. अथेन्समध्ये नोकरी करणारी कितीतरी माणसे दुकानातून बाटल्या आणण्याऐवजी वर्षाचे डबे गावाकडूनच आणतात. कोणाची वडिलोपार्जित झाडे असतात, कोणाला मामाच्या वाट्यातले मिळते, कोणी ओळखीच्या शेतकऱ्याकडून विकत घेतो. त्या डब्यावर बहुधा काही छापलेले नसते, पण तेल कोणत्या उतारावरच्या झाडांचे, कोणत्या गिरणीत गाळलेले आणि कोणत्या हंगामाचे आहे, हे घरात सर्वांना ठाऊक असते. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यावर पोषणमूल्ये, परवाना क्रमांक, मुदत असे सगळे छापलेले आहे. त्यातला भुईमूग कुठल्या तालुक्यातला, हे मात्र विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

हा फरक कशामुळे पडला, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता. मी अमळनेरची, वडिलांचे किराणा दुकान होते, त्यामुळे तेल हा माझ्यासाठी केवळ फोडणीचा विषय कधीच नव्हता. आमच्या भागातले बैलाचे घाणे माझ्या पिढीने जवळजवळ संपतानाच पाहिले. आज जे लाकडी घाणे दिसतात ते विजेवर चालणारे आणि गेल्या काही वर्षांत नव्याने निघालेले आहेत. ग्रीसची लोकसंख्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, पण त्या देशात आजही सुमारे दोन हजार तेलगिरण्या चालतात आणि त्यांतल्या बहुतेक लहान, गावच्या किंवा पंचक्रोशीच्या असतात. ग्रीक माणूस परंपरा जपतो आणि आपण ती टाकून दिली, असे उत्तर देऊन मोकळे होता येईल. मला ते पटत नाही. खरे कारण फळात आणि बियात आहे.

आपली बहुतेक तेले बियांची आहेत. भुईमूग, तीळ, करडई, सरकी, सगळे उन्हात वाळवून पोत्यात भरले की महिनोन्‌महिने टिकते. बी थांबू शकते म्हणून ते प्रवासही करू शकते. शेतकऱ्याच्या कणगीतून ते बाजार समितीत जाते, तिथून व्यापाऱ्याच्या गोदामात, तिथून दूरच्या कारखान्यात, आणि भाव चढेपर्यंत वाट पाहणेही त्याला जमते. एकदा बी गावाबाहेर निघाले की ते सर्वांत मोठ्या आणि सर्वांत स्वस्त यंत्राकडेच जाणार, आणि गावचा घाणा त्यापुढे टिकणार नाही, हे ओघानेच आले. ऑलिव्हचे तसे नाही. त्यातले तेल मुख्यतः गरात असते आणि त्याच गरात भरपूर पाणीही असते. तोडलेली फळे पोत्यात किंवा ढिगात राहिली की तापू लागतात, आंबतात, त्यांतली चरबी फुटून तेलाची आम्लता वाढते आणि चवीला कुबट, आंबूस अंग येते. चांगले तेल हवे असेल तर तोडणीपासून शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे लागते. फळ लांब पाठवण्यात अर्थ नाही, कारण पाच किलो फळांतून जेमतेम किलोभर तेल निघते. उरलेल्या चार किलो पाण्याचे आणि चोथ्याचे भाडे कोण भरणार? झाडे जिथे, तिथेच गिरणी असायला हवी. ग्रीक गावाने गिरणी टिकवली यापेक्षा फळाने ती टिकवून घेतली, असे म्हणणे मला जास्त बरोबर वाटते.

ही गोष्ट किती जुनी आहे, हे थेलीसच्या कथेत दिसते. मिलेटस या प्राचीन ग्रीक नगरातला हा तत्त्वज्ञ गरीब होता आणि लोक त्याला हिणवत की तत्त्वज्ञानाचा उपयोग काय. ऍरिस्टॉटलने सांगितलेल्या कथेप्रमाणे, ताऱ्यांवरून पुढचे पीक भरघोस येणार हे त्याने ओळखले, आणि हिवाळ्यातच थोडाथोडा विसार देऊन मिलेटस आणि जवळचे खिओस बेट इथल्या सगळ्या तेलगिरण्या आपल्या नावाने बांधून ठेवल्या. त्या वेळी बोली लावायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून सौदा स्वस्तात झाला. हंगामात सगळ्यांना एकदम गिरणी हवी झाली तेव्हा त्याने मनमानी भाड्याने त्या पुढे दिल्या आणि बक्कळ पैसा केला. वायदे व्यवहाराचे पहिले उदाहरण म्हणून ही कथा सांगतात. मला तिच्यातला वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो: थेलीसने फळे घेतली नाहीत, यंत्रे घेतली. आमच्याकडचा मुरलेला व्यापारी असता तर त्याने माल साठवला असता. ऑलिव्हचा साठा करता येत नाही, म्हणून अडवायची झाली तर गिरणीच अडवावी लागते, हे त्या तत्त्वज्ञाला नीट कळले होते.

माझा पुतण्या मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. अथेन्सजवळच्या पिरियस बंदरात जाणे-येणे असल्याने तिथल्या एका सहकाऱ्याशी त्याची दोस्ती झाली आणि त्याच्या घरचे पाच लिटर तेल तो मागच्या खेपेला घेऊन आला. डब्यावर नाव नाही, चित्र नाही. झाकणापाशी निळ्या मार्करने फक्त साल लिहिलेले. तेल पेलोपोनिस या ग्रीसच्या द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या मेसिनिया भागातले, कोरोनेइकी जातीच्या झाडांचे. हे फळ बोराहूनही लहान असते, पण तेलाला सरस. वाटीत ओतल्यावर रंग हिरवट सोनेरी आणि थोडा गढूळ दिसला. आईने बोट बुडवून चाटले आणि तोंड वाकडे केले. “कडू आहे गं. खवट झालं असेल, इतक्या लांबून आणलं.” पुतण्या हसला, पण आजीशी वाद घालण्याइतका तो धीट नाही.

मग मी वाटीभर तेल आमच्या गल्लीतल्या आबांकडे नेले. आबांच्या घरी दोन पिढ्या बैलाचा घाणा होता आणि तरुणपणी लाटेवर दगड ठेवून त्यांनी स्वतः तीळ गाळले आहेत. त्यांनी चव घेतली नाही. तळहातावर चार थेंब घेतले, दुसऱ्या हाताने जोरात चोळले, तेल कोमट झाल्यावर हात नाकाशी नेले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. “ताई, हे बियाचं नाही,” शेवटी ते म्हणाले. “चिंचेचा कोवळा पाला चुरगाळल्यावर येतो तसा वास आहे. खवट मुळीच नाही.” नंतर त्यांनी घोटभर तेल जिभेवर घोळवून गिळले, आणि क्षणभराने त्यांना ठसका लागला. ऑलिव्ह तेल पारखणारे पंचही हेच करतात. निळ्या काचेच्या पेल्यात, रंग दिसू नये अशा बेताने, तळहाताच्या उबेने तेल कोमट करून वास घेतात आणि मग घोट घेतात. कडवटपणा आणि घशाशी लागणारा झोंबरेपणा हे त्यांच्या लेखी गुण आहेत. घशाला ठसका लावणाऱ्या घटकाला ओलिओकँथल म्हणतात. तो वेदनाशामक आयबुप्रोफेनसारखे काम करतो असे २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ हा सर्वांत वरचा दर्जा मिळायला आम्लता ०.८ टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि नुसते प्रयोगशाळेचे आकडे पुरत नाहीत. पंचांना चवीत एकही दोष सापडता कामा नये.

आबांनी विचारलेला पहिला प्रश्न मात्र धंद्यातल्या माणसाचा होता: “पेंड कोण ठेवतो?” आमच्याकडे गाळपाची मजुरी म्हणून पेंड घाणेवाल्याकडेच ठेवण्याची रीत होती, ती त्याच्या बैलाच्या पोटात जायची आणि उरलेली विकली जायची. ग्रीसमध्ये मजुरी बहुधा तेलातच कापली जाते. निघालेल्या तेलातला ठरलेला हिस्सा गिरणीवाला ठेवतो आणि बाकीचे तेल शेतकऱ्याच्या डब्यात भरतो. चोथाही गिरणीतच राहतो, पण तो गुरांसाठी फारसा कामाचा नाही. त्यात बियांच्या कवच्या असतात. वाळवला की तो भट्टीत जळणाला चालतो, आणि त्याआधी रसायनाने त्यातले उरलेसुरले तेल काढून, शुद्ध करून ‘पोमेस’ तेल म्हणून विकतात. जळगावच्या मोठ्या दुकानांत ऑलिव्ह तेल म्हणून जे रांगेने मांडलेले असते, त्यात हे पोमेस तेल आणि रंग-वास काढलेले ‘एक्स्ट्रा लाइट’ तेलच पुष्कळ असते. ते विषारी नाही, तळायला ठीक आहे. पण त्या फळाची म्हणून जी चव, तिच्यासाठी एवढे पैसे मोजायचे असतील तर बाटलीमागची बारीक अक्षरे वाचावीत, असे मी ओळखीच्यांना सांगते.

जुन्या ग्रीक गिरणीचे वर्णन घाणा पाहिलेल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही. मधल्या खांबाभोवती गाढव किंवा खेचर फिरते, उभी दगडी चाके फळे बियांसकट चिरडतात. पुढची पायरी मात्र वेगळी आहे. लगदा बकरीच्या केसांच्या जाड चटयांत भरून त्यांची चळत दाबयंत्राखाली रचत आणि आडवा दांडा फिरवत माणसे स्क्रू आवळत नेत. वरून गरम पाणी ओतत. खाली कुंडात तेल आणि पाणी एकत्र उतरे, आणि थोड्या वेळाने वर आलेले तेल अलगद काढून घेत. आताच्या गिरण्यांत फळे धुऊन, पाला उडवून, चिरडून लगदा अर्धा-पाऊण तास संथपणे घुसळतात, म्हणजे तेलाचे बारीक थेंब एकमेकांना मिळतात. मग वेगाने फिरणारे सेंट्रिफ्यूज यंत्र तेल, पाणी आणि चोथा वेगळे करते. या सगळ्यात तापमान २७ अंशांच्या आत ठेवले तरच बाटलीवर ‘कोल्ड एक्स्ट्रॅक्शन’ (थंड गाळप) असे लिहिता येते. जास्त तापवले तर तेल जास्त निघते आणि वास उडून जातो. नोव्हेंबर-डिसेंबरात शेतकरी आपापल्या क्रेट आणि पोती घेऊन गिरणीत रात्री-बेरात्री पाळीची वाट पाहत बसतात, कारण आपले तेल दुसऱ्याच्या तेलात मिसळू नये म्हणून स्वतः उभे राहण्याची त्यांची पद्धत आहे. तिथेच शेगडीवर पाव भाजून, नव्या तेलात भिजवून, मीठ टाकून खातात. कळण्याच्या भाकरीवर कच्चे तेल आणि ठेचा घेऊन जेवणाऱ्याला या न्याहारीचे नवल वाटू नये.

ऑलिव्हची ग्रीसमधली पाळेमुळे किती खोल आहेत, याची दोन प्रमाणे सांतोरिनी बेटाच्या ज्वालामुखीने जपून ठेवली आहेत. तिथल्या राखेच्या थरांत ऑलिव्हच्या पानांचे हजारो वर्षांपूर्वीचे, माणसाने शेती सुरू करण्याच्याही आधीचे ठसे सापडले आहेत. आणि इसवीसनापूर्वी १६०० च्या सुमाराच्या महास्फोटाचा काळ ठरवायला, त्या राखेत उभ्या गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या एका फांदीचा उपयोग झाला. क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याचे उत्खनन आर्थर इव्हान्सने १९०० मध्ये सुरू केले, तेव्हा तळघरातल्या लांबलचक कोठारांत पुरुषभर उंचीचे रांजण ओळीने सापडले. तिथल्या आणि पेलोपोनिसमधल्या पिलोसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्यांवरची लिपी मायकेल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये उलगडली. त्यांत महाकाव्ये सापडतील अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरली. निघाले ते हिशेब. किती तेल आले, कोणत्या देवळाला किती दिले, गुलाबाचे सुगंधी तेल किती आणि सेज या वनस्पतीचे किती. दुकानदाराची मुलगी म्हणून मला त्या पाट्यांविषयी फार आपुलकी वाटते. राजवाडा जळाला तेव्हा कच्च्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणून त्या वर्षाची रोजखर्डी आपल्याला वाचता येते.

अथेन्सने या झाडाला देवत्व दिले. नगरीचे दैवत कोण, या स्पर्धेत समुद्रदेव पोसायडनने त्रिशूळ मारून खारे पाणी काढले आणि अथीना देवीने ऑलिव्हचे रोप दिले, अशी कथा आहे. इसवीसनापूर्वी ४८० मध्ये इराणी सैन्याने अथेन्सची देवळांची टेकडी, ॲक्रोपोलिस, जाळली, त्यात ते झाडही जळाले. इतिहासकार हिरोडोटसने लिहिले आहे की दुसऱ्या दिवशी पाहतात तो बुंध्याला हातभर लांब कोंब फुटलेला. एका दिवसात हातभर हे अतिशयोक्तीचे झाले, पण मूळ गोष्ट खरी आहे: जळालेले, तोडलेले ऑलिव्हचे खोड बुडाशी पुन्हा फुटते. म्हणूनच शत्रूने शेते उजाड केली तरी बागा मुळासकट संपवणे त्याला सोपे जात नसे. अथेन्सच्या कायद्याने काही झाडे ‘मोरिया’ म्हणजे पवित्र ठरवली होती. ती खासगी शेतांत उभी असली तरी नगराच्या मालकीची होती आणि ती तोडणाऱ्यावर खटला चालत असे. एके काळी त्याला देहदंड होता. एका शेतकऱ्याने अशा झाडाचे नुसते खोड उपटल्याचा आरोप झाला आणि भाषणे लिहून देणाऱ्या लिसियासने त्याच्यासाठी लिहून दिलेले बचावाचे भाषण आजही वाचायला मिळते. आपल्याकडे बांधावरच्या झाडावरून भाऊबंदकी होते ती ऐकून असल्यामुळे, साक्षीदार, शेजारी आणि जुनी खुन्नस यांनी भरलेले ते भाषण मला दूरचे वाटले नाही.

या पवित्र झाडांचे तेल अथेन्सच्या पॅनाथेनिया उत्सवातल्या खेळांच्या विजेत्यांना बक्षीस मिळे. प्रत्येक कुंभात ३६ ते ४० लिटर, म्हणजे आपले सव्वादोन ते अडीच डबे, एका बाजूला अथीनाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला ज्या खेळात जिंकला त्याचे. मोठ्या शर्यतींच्या विजेत्याला असे कित्येक कुंभ मिळत. एवढे तेल एका घरात संपणे शक्य नाही, तेव्हा ते विकण्यासाठीच होते हे उघड आहे. ऑलिम्पियात मात्र विजेत्याला रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट, आणि तेवढाच. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याने शेतमालाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि त्यातून फक्त ऑलिव्ह तेल वगळले, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. अथेन्सभोवतालची जमीन हलकी, खडकाळ. धान्य पुरत नव्हते आणि तेल उरत होते. निर्यातबंदी कधी लावावी आणि कशावर लावू नये, याचा तो साधा हिशेब होता. कांद्याच्या पट्ट्यातल्या वाचकांना यावर बोलण्यासारखे पुष्कळ असेल. मी आवरते घेते.

रोमन आणि बायझंटाइन शतके ओलांडून पुढे यावे, कारण आजच्या ग्रीसमधल्या बागांचे रूप नंतरच्या राज्यकर्त्यांनी घडवले. कॉर्फू बेट १३८६ ते १७९७ व्हेनिसच्या ताब्यात होते; व्हेनिसला दिव्यांसाठी आणि व्यापारासाठी तेल हवे होते, म्हणून झाडे लावणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देई. त्या वेळची झाडे न छाटता वाढू दिल्यामुळे आज तिथे अक्षरशः ऑलिव्हचे जंगल आहे. अठराव्या शतकात क्रीटचे तेल फ्रान्समधल्या मार्सेयच्या साबण कारखान्यांकडे जात असे आणि पुढे क्रीटमध्येही साबण बनू लागला. लेस्बोस बेटावर जानेवारी १८५० मध्ये असा हिमकडाका पडला की बहुतेक झाडे जळून गेली. लोकांनी पुन्हा लागवड केली आणि शतक संपता संपता तिथे वाफेच्या तेलगिरण्या व साबणाच्या कारखान्यांची धुराडी उभी राहिली. त्याच बेटावरच्या आयिया पारास्केवी गावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्वांच्या सामाईक मालकीची गिरणी बांधली. तिथे आता तेल उद्योगाचे संग्रहालय आहे. तेल आणि साबण ही जोडी आम्हा अमळनेरकरांना परकी नाही. १९४५ मध्ये आमच्या गावात ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ हा वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, तो कपडे धुण्याचा साबणही बनवी, आणि त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. वनस्पती तूप ही न थांबणाऱ्या फळाच्या अगदी उलट टोकाची वस्तू आहे: बियांचे तेल घेऊन त्याचा रंग, वास आणि मूळ पुसून टाकायचे, म्हणजे ते कुठेही आणि केव्हाही सारखेच लागते.

ग्रीसमध्ये तेलाचे मूळ पुसता येत नाही याला धर्माचाही हातभार आहे. बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मपिता बाळासाठी तेल घेऊन येतो आणि पाण्यात बुडवण्याआधी बाळाच्या अंगभर ते चोळले जाते. घरातल्या देवचित्रासमोर लावायचा ‘कांदिली’ हा दिवा ऑलिव्ह तेलाचाच. पवित्र आठवड्याच्या बुधवारी चर्चमध्ये आशीर्वादाचे तेल कपाळाला आणि हातांना लावून घेतात. उपासाचे नियम तर ऐकण्यासारखे आहेत: कडक उपासाच्या दिवशी मांस, दूध, अंडी यांबरोबर तेलही वर्ज्य, पण ऑलिव्हची अख्खी फळे मात्र चालतात. उपासाला शेंगदाणे चालतात आणि कोथिंबीर काही घरी चालते, काही घरी नाही, असे ज्यांनी आयुष्यभर पाहिले आहे त्यांनी हसू नये. तेल चालणाऱ्या उपासाच्या दिवसांत ‘लादेरा’ भाज्या होतात. भेंडी, फरसबी, वांगी भरपूर तेलात टोमॅटोबरोबर मंद शिजवायच्या आणि तळाशी उरलेले तेल पावाने पुसून खायचे.

या तेलकट जेवणानेच जगाला चकवले. रॉकफेलर फाउंडेशनने १९४८ मध्ये क्रीटच्या खेड्यांची पाहणी केली, तेव्हा गरिबी पुष्कळ दिसली, मांस क्वचित, आणि अन्न मात्र तेलात न्हालेले. पुढे अमेरिकन संशोधक अँसेल कीज यांच्या सात देशांच्या अभ्यासात क्रीटच्या पुरुषांच्या आहारातील सुमारे ४० टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांतून येत असूनही हृदयविकाराचे मृत्यू सर्वांत कमी आढळले. त्यातून ‘भूमध्य आहार’ जगभर गाजला. एवढे मात्र लक्षात ठेवावे की ती माणसे डोंगरउतारावर दिवसभर राबत होती, डाळी आणि रानभाज्या खात होती, आणि त्याच्या काही वर्षे आधीच जर्मन ताब्याच्या काळातली उपासमार त्यांच्या देशाने भोगली होती. चलन कवडीमोल झालेल्या त्या दिवसांत पगार आणि व्यवहार तेलाच्या मापाने ठरत. शेवभाजीवरच्या तर्रीचे समर्थन करायला क्रीटचा दाखला देणारे मला भेटले आहेत. त्यांनी निदान तेवढे शेतही नांगरावे.

आता गंमत अशी की डब्याची जी रीत मला एवढी भावली, तिनेच ग्रीक तेलाचा बाजारात तोटा केला आहे. उत्पादनात ग्रीस बहुतेक वर्षी जगातल्या पहिल्या चार-पाच देशांत असतो आणि त्याच्या तेलातला फार मोठा भाग एक्स्ट्रा व्हर्जिन दर्जाचा असतो. हे प्रमाण मोठ्या उत्पादक देशांत क्वचित दिसते. पण घरोघर डबे ओळखीतून पोहोचत असल्याने देशातच बाटलीबंद तेलाची बाजारपेठ फारशी उभी राहिली नाही, आणि नाव कमावण्याची घाई कोणाला नव्हती. परिणाम असा की उरलेल्या तेलातला मोठा हिस्सा टँकरने इटलीला जातो, तिथे इतर तेलांत मिसळतो आणि इटालियन कंपनीच्या बाटलीतून जगभर विकला जातो. फळ गिरणीपर्यंत थांबत नाही, पण तेल थांबते, आणि जी वस्तू थांबते तिची ओळख पुसली जायला वेळ लागत नाही. कालामाता, सितिया, कोलिंवारी अशा ठिकाणांच्या नावांना युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे, तरुण उत्पादक बाटलीवर गाव, जात आणि तोडणीचे दिवस छापू लागले आहेत. टँकरची संख्या त्याने अजून फारशी घटलेली नाही.

हे झाड आपल्याकडे होईल का, असे मला दोन-तीन शेतकऱ्यांनी विचारले. राजस्थानने २००७ नंतर इस्रायलच्या मदतीने लागवड केली आणि लूणकरणसरला तेल काढण्याचा कारखानाही काढला, पण तो प्रयोग अपेक्षेइतका फळला नाही. फुलोरा धरायला ऑलिव्हला हिवाळ्याचे बरेच आठवडे थंडी लागते, पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा असा क्रम लागतो, आणि मुळाशी साचलेले पाणी त्याला मुळीच चालत नाही. तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यात दोन महिने चिखल धरून ठेवते. शिवाय रोप फळाला यायला पाच-सहा वर्षे आणि भरात यायला त्याहून पुष्कळ जास्त. क्रीटमधल्या वूवेस गावातले एक झाड दोन हजार वर्षांहून जुने मानले जाते आणि अजून फळ देते, हे ऐकून एकाने डोळे मोठे केले, पण त्याला पुढच्या वर्षीचे पीककर्ज फेडायचे होते.

खुद्द ग्रीसमध्येही ती थंडी आता भरवशाची राहिलेली नाही. २०२३ च्या हंगामाआधीचा हिवाळा उबदार गेला, फुलोरा कमी आला, उन्हाळ्यात होरपळ झाली आणि उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याच्या आसपास उतरले. स्पेनमध्येही दुष्काळ असल्याने भाव इतके चढले की गिरण्यांतून तेल आणि बागांतून फळांसकट फांद्या चोरीला जाऊ लागल्या. पुढच्या हंगामात पीक पुष्कळ सावरले. कोवळ्या हिरव्या फळांच्या तेलाला चांगला भाव येतो म्हणून तोडणीही ऑक्टोबरात, काही ठिकाणी त्याहून आधी, सुरू होऊ लागली आहे. त्या दिवसांत हवा अजून तापलेली असते, लगदा २७ अंशांच्या आत राहत नाही, आणि एके काळी वरून गरम पाणी ओतणाऱ्या गिरण्यांना आता लगदा थंड करायची यंत्रणा बसवावी लागते आहे.